भात्याच्या वाद्यांचे कुळ

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेची ती तत, फुंकीची ती सुषिर, कातड्याने मढवलेली ती अवनद्ध आणि धातूवर आघात करून वाजवायची ती घन. वीणा, बासरी, मृदंग आणि टाळ ही ह्या चार वर्गांची सर्वपरिचित उदाहरणे होत. पुढच्या काळात आलेल्या बहुतेक वाद्यांना ह्याच वर्गांत कोठे ना कोठे जागा मिळते. अकॉर्डियनला जागा देताना मात्र थोडा विचार करावा लागतो. ते वाऱ्यावर वाजते, म्हणून त्याला सुषिर म्हणावे, तर त्याला फुंक मारावी लागत नाही आणि स्वर देणारी नळीही त्याला नसते. वादकाचे तोंड मोकळे असते. वाजवता वाजवता तो गाऊ शकतो. फुंकीचे काम त्याने छातीशी धरलेला घड्यांचा भाता करतो. ज्या वस्तूतून प्रत्यक्ष स्वर निघतो, ती पेटीच्या आत, डोळ्यांआड असते. ती म्हणजे धातूची एक पातळ, अरुंद जीभ.

ह्या जिभेवर उभे असलेले वाद्यांचे कुळ मोठे आहे. मुलांच्या खिशात मावणारा माउथ ऑर्गन, सहा कोनांचा चिमुकला कॉन्सर्टिना, चौकोनी पेट्यांचे बँडोनिऑन, रशियातला बायान, पियानोसारख्या पट्ट्यांचे अकॉर्डियन आणि महाराष्ट्रात बाजाची पेटी म्हणून घरोघरी पोहोचलेली हार्मोनियम ही सारी एकमेकांची भावंडे होत. युरोपात त्यांचा जन्म होऊन दोनशे वर्षे होत आली. एवढ्या अवधीत ती जवळजवळ साऱ्या जगात पसरली. सामान्य लोकांनी त्यांना जितक्या प्रेमाने जवळ केले, तितक्याच आग्रहाने संगीतातील जाणकारांनी त्यांना नावे ठेवली. ह्या प्रेमाचे आणि ह्या नापसंतीचे मूळ एकच आहे आणि ते त्या जिभेच्या घडणीत सापडते.

ही जीभ पितळेची किंवा पोलादाची असते. तिचे एक टोक धातूच्या पट्टीवर पक्के बसवलेले असते आणि दुसरे मोकळे असते. तिच्या खाली तिच्याच आकाराची, पण केसभर मोठी अशी खाच असते. भात्याने वारा ढकलला, की जीभ त्या खाचेतून खालीवर झुलू लागते आणि प्रत्येक झोक्याबरोबर वाऱ्याचा झोत तोडते व सोडते. ह्या तुटक झोतातून स्वर निर्माण होतो. सनईलाही पाती असते. परंतु तेथे स्वराची उंची मुख्यतः नळीतील हवेच्या लांबीवर ठरते. म्हणूनच भोके झाकून आणि उघडून सनईवाला निरनिराळे स्वर काढतो आणि ओठांच्या दाबाने एखादा स्वर किंचित चढवतो किंवा उतरवतो. मुक्त जिभेचा स्वर तिची स्वतःची लांबी, वजन आणि ताठपणा ह्यांवर ठरतो. कारागिराने तिचे मोकळे टोक थोडे खरवडले, तर ती हलकी होऊन स्वर चढतो. मुळाशी खरवडले, तर ती लवचीक होऊन स्वर उतरतो. हे काम एकदा पुरे झाले, की त्या जिभेचा स्वर कायम झाला.

म्हणजे स्वर लावण्याची सारी जबाबदारी कारागिराने कारखान्यातच उचललेली असते. सारंगी किंवा व्हायोलिन शिकणाऱ्याला स्वराची नेमकी जागा सापडेपर्यंत वर्षे घालवावी लागतात. अकॉर्डियन हातात घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी नेमका स्वर मिळतो. परंतु त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जो स्वर आयता मिळाला, तो वाकवता येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणारी मींड ह्या वाद्यावर निघत नाही, कारण दोन जिभांच्या मधल्या जागेत स्वरच नाही. वादकाच्या हाती उरतो तो भाता. भाता हळू ओढला तर स्वर कुजबुजतो, जोराने दाबला तर गर्जतो, मनगटाला झटका दिला तर थरथरतो. स्वर कारागिराचा आणि श्वास वादकाचा, अशी ही वाटणी आहे. ह्या वाद्यांचा पुढचा इतिहास म्हणजे निरनिराळ्या देशांतील लोकांनी ह्या वाटणीशी कसे जमवून घेतले, ह्याचाच इतिहास होय.

मुक्त जीभ ही मूळची आशियाची. चीनमध्ये शेंग नावाचे वाद्य फार प्राचीन काळापासून वाजवले जाते. एका लहान वाटीसारख्या भांड्यात बांबूच्या नळ्यांचा जुडगा उभा केलेला असतो आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी एक जीभ असते. वादक फुंकतो तेव्हाही ती वाजते आणि श्वास आत ओढतो तेव्हाही वाजते. चीनच्या हूबेई प्रांतात १९७८ साली उत्खनन झालेल्या, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील एका सरदाराच्या समाधीत अशी वाद्ये सापडली आहेत. जपानमधील शो आणि लाओसमधील खेन ही ह्याच घराण्यातली. भारतातही मिझो लोकांचे रॉछेम हे दुध्या भोपळ्याच्या तुंब्यात बांबूच्या नळ्या बसवून केलेले वाद्य ह्याच जातीचे आहे.

अठराव्या शतकात हे तत्त्व युरोपातील विद्वानांच्या नजरेत भरले. पेकिंगमध्ये राहणाऱ्या आमियो नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७७७ साली काही शेंग पॅरिसला पाठवली. त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीने मनुष्याच्या मुखातून निघणाऱ्या स्वरवर्णांचे स्वरूप काय, असा प्रश्न बक्षिसासाठी मांडला होता. कोपनहेगनचे प्राध्यापक क्राट्झेनश्टाइन ह्यांनी आ, ए, ई, ओ, ऊ हे उच्चार करणाऱ्या नळ्या बनवल्या आणि १७८० साली ते बक्षीस जिंकले. त्या नळ्यांना वाचा देण्यासाठी त्यांनी मुक्त जीभ वापरली होती. मनुष्याच्या बोलण्याची नक्कल करण्यासाठी युरोपने ही जीभ हाती घेतली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत पॅरिस, व्हिएन्ना आणि जर्मनीतील अनेक नगरांतले कारागीर तिच्यापासून नवनवी वाद्ये करण्याच्या खटपटीत होते.

त्यांत व्हिएन्नाच्या सिरिल डेमियानचे नाव कायम राहिले. हा अर्मेनियन वंशाचा, ऑर्गन आणि पियानो बनवणारा कारागीर. आपल्या दोन मुलांच्या साहाय्याने त्याने एक छोटी पेटी तयार केली आणि मे १८२९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. तिला अवघ्या पाच पट्ट्या होत्या. परंतु प्रत्येक पट्टी दाबली, की एक स्वर न वाजता परस्परांना जुळणाऱ्या अनेक स्वरांचा पुंज वाजे. अशा स्वरपुंजाला जर्मन भाषेत ‘अकॉर्ड’ म्हणतात, त्यावरून वाद्याचे नाव अकॉर्डियन पडले. भाता ओढताना एक पुंज आणि दाबताना दुसरा, अशी योजना असल्यामुळे पाच पट्ट्यांतून दहा पुंज निघत. हे वाद्य प्रवासात सहज नेता येते आणि संगीत न शिकलेल्यालाही थोड्या सरावाने ते वाजवता येते, ह्या गोष्टींवर डेमियानने आपल्या अर्जात भर दिला होता. त्याचे गिऱ्हाईक कोण असणार, हे त्याने अचूक ओळखले होते.

त्याच वर्षी, १८२९ साली, लंडनमध्ये चार्ल्स व्हीट्स्टन ह्यांनी सिम्फोनियम नावाच्या वाद्याचे पेटंट घेतले. शाळेत विजेचा अभ्यास करताना ‘व्हीट्स्टनचा पूल’ ज्यांनी पाठ केला असेल, त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. तेच हे शास्त्रज्ञ. विजेच्या तारायंत्राच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे घराणे वाद्ये बनवणाऱ्यांचे होते आणि ध्वनिशास्त्र हा त्यांचा पहिला आवडीचा विषय होता. चिनी शेंगचाही त्यांनी अभ्यास केला होता. तोंडाने वाजवायच्या सिम्फोनियमला त्यांनी पुढे भाता जोडला आणि त्यातून षट्कोनी कॉन्सर्टिना जन्मास आला. ह्या इंग्लिश कॉन्सर्टिनात भाता ओढला काय किंवा दाबला काय, बटणाचा स्वर तोच राहतो. आणि सप्तकातील स्वर एकाआड एक डाव्या-उजव्या हातांत वाटलेले असतात. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालवून अतिशय जलद वादन करता येते. जूल्यो रेगोंदीसारख्या कुशल कलावंताने ते लंडनच्या मैफलींत वाजवले आणि काही काळ प्रतिष्ठित घरांतील स्त्रीपुरुषांनी त्याचा छंद घेतला.

परंतु ह्या कुळाचे भवितव्य दिवाणखान्यात ठरायचे नव्हते. सॅक्सनीतील केम्नित्सच्या कार्ल उलिग ह्याने १८३४ साली डेमियानच्या वाद्यात सुधारणा करून जर्मन कॉन्सर्टिना तयार केला. ओढताना एक स्वर आणि दाबताना दुसरा, ही जुनी योजना त्याने कायम ठेवली. तिच्यामुळे निम्म्या बटणांत काम भागते, वाद्य लहान होते आणि स्वस्त पडते. तिचा आणखी एक परिणाम होतो. स्वर बदलण्यासाठी भात्याची दिशा वरचेवर बदलावी लागते आणि त्यामुळे वादनाला आपोआप एक हिसका, एक ठेका येतो. नाचाला नेमके हेच हवे असते. खेड्यातील लग्नात पूर्वी दोन-तीन वादक लागत, तेथे आता एक माणूस पुरेसा झाला. सूर, साथ आणि ठेका ही तिन्ही कामे एकटा अकॉर्डियनवाला करू लागला.

एकोणिसावे शतक हे कारखान्यांचे आणि स्थलांतराचे शतक होते. युरोपातील लक्षावधी माणसे पोटासाठी गाव सोडून शहरात आणि देश सोडून समुद्रापार जात होती. अशा माणसाला पियानो नेता येत नाही. व्हायोलिनच्या तारा दमट हवेत उतरतात आणि खुंट्या सैल होतात. धातूच्या जिभेचा स्वर मात्र जहाजाच्या तळघरातील प्रवासानंतरही जवळजवळ जसाच्या तसा राहतो. आवाज मोठा असल्यामुळे धक्क्यावरच्या गर्दीतही तो ऐकू जातो. ह्या कारणांनी खलाशी, खाणकामगार, शेतमजूर आणि सैनिक ह्यांच्या सामानात ही पेटी शिरली. मुक्तिफौजेचे प्रचारक कॉन्सर्टिना घेऊन शहरांच्या चौकांत गाऊ लागले, कारण त्यांना भजन म्हणता म्हणता वाजवता येईल असे वाद्य हवे होते.

मागणी वाढली तशी तीन गावे विशेष नावारूपास आली. जर्मनीत ट्रोसिंगेन येथे माथियास होनर ह्या घड्याळजीने १८५७ साली माउथ ऑर्गन बनवण्यास प्रारंभ केला. त्याच्या नावाचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी अकॉर्डियनकडे वळला आणि जगप्रसिद्ध झाला. इटलीत कास्तेलफिदार्दो येथे पाओलो सोप्रानी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने हा धंदा सुरू केला. लोरेतोच्या यात्रेस निघालेला एक ऑस्ट्रियन यात्रेकरू १८६३ साली त्याच्या घरी मुक्कामाला राहिला आणि त्याच्याजवळचे अकॉर्डियन पाहून मुलाला ही कल्पना सुचली, अशी तेथील कथा आहे. रशियात तुला हे बंदुकांच्या कारखान्यांचे गाव. तेथील धातुकामात मुरलेल्या कारागिरांनी हे वाद्य उचलले. पुढे १९०७ साली पीटर्सबर्गच्या स्तेर्लिगोव ह्या कारागिराने एका वादकासाठी मोठे, सर्व अर्धस्वर असलेले वाद्य घडवले आणि त्याला प्राचीन रशियन भाटाच्या नावावरून बायान हे नाव मिळाले.

वाद्याचे रूपही ह्या काळात पालटत गेले. उजव्या हाताला पियानोसारख्या पट्ट्या आल्या. डाव्या हाताला खर्जाच्या आणि स्वरपुंजांच्या बटणांच्या ओळी आल्या. मोठ्या अकॉर्डियनला अशी १२० बटणे असतात आणि ती वाजवणाऱ्याला दिसतही नाहीत. बोटांना त्यांची जागा सवयीनेच कळते. ही बटणे स्वरसप्तकाच्या क्रमाने न लावता षड्ज-पंचम संवादाच्या क्रमाने लावलेली असतात. सा च्या शेजारी प आणि दुसऱ्या बाजूला म. त्यामुळे परस्परांना जवळचे स्वर बोटांनाही जवळ सापडतात. ह्या वाद्याचा ओळखीचा थरथरता, काहीसा भिजलेला आवाजही मुद्दाम घडवलेला असतो. एकाच स्वराच्या दोन जिभा किंचित वेगळ्या लावल्या, की त्यांच्या कंपनांतील फरकामुळे आवाज लाटेसारखा वरखाली होतो. म्हणजे कारागीर थोडा बेसूर जाणूनबुजून ठेवतो आणि तोच श्रोत्याला गोड लागतो.

एवढे होऊनही अभिजात संगीताच्या दरबारात ह्या वाद्याला मानाचे स्थान नव्हते. चायकोव्स्कीने १८८३ सालच्या आपल्या दुसऱ्या वाद्यवृंद-सूटमध्ये चार अकॉर्डियनांना जागा दिली. परंतु ती हवी तर वाजवावीत, नको तर गाळावीत, अशी सोय ठेवूनच. दारूच्या गुत्त्याचे, जत्रेचे, रस्त्यावरचे वाद्य, ही त्याची ओळख पुसली जात नव्हती. ह्या उपेक्षेची झळ किती खोल जाऊ शकते, हे अर्जेंटिनाच्या एका संगीतकाराच्या आयुष्यात दिसते.

क्रेफेल्ट येथील हाइनरिख बांट ह्या वाद्यविक्रेत्याने १८४०नंतरच्या दशकात जर्मन कॉन्सर्टिना वाढवून मोठा केला. त्याच्याच आडनावावरून त्याला बँडोनिऑन म्हणू लागले. हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्वेनोस आइरेसच्या बंदरात पोहोचले. तेथील गरीब वस्त्यांत, घरदार मागे टाकून आलेल्या इटालियन, स्पॅनिश आणि इतर लोकांमध्ये टँगो हे नृत्यसंगीत आकार घेत होते. बँडोनिऑनचा गंभीर, उसासा टाकणारा आवाज टँगोला असा चिकटला, की पुढे एकाची कल्पना दुसऱ्यावाचून करवेना. अर्जेंटिनाला हवी असलेली उत्तम बँडोनिऑन सॅक्सनीतील कार्ल्सफेल्ट ह्या डोंगराळ गावी आर्नोल्ड घराण्याच्या कारखान्यात तयार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग पूर्व जर्मनीत गेला, कारखाना सरकारच्या ताब्यात आला आणि काही काळाने तेथील बँडोनिऑनचे उत्पादन थांबले. ज्या जिभा कार्ल्सफेल्टच्या कारागिरांनी घासून ठेवल्या होत्या, त्यांवरच ब्वेनोस आइरेसचे संगीत पुढे कित्येक वर्षे चालले. जुनी वाद्ये देशाबाहेर विकली जाऊ लागली, तेव्हा २००९ साली अर्जेंटिनाने त्यांच्या रक्षणासाठी कायदा केला.

ह्याच शहरातील टँगोच्या वाद्यवृंदांत आस्तोर पियात्सोला बँडोनिऑन वाजवीत असे. त्याचा जन्म १९२१चा. त्याला अभिजात संगीतकार व्हावयाचे होते. १९५४ साली शिष्यवृत्ती घेऊन तो पॅरिसला नादिया बुलांजे ह्या थोर अध्यापिकेकडे शिकावयास गेला. आपण गुत्त्यांत आणि नाचघरांत बँडोनिऑन वाजवत होतो, ही गोष्ट त्याने लाजेपोटी तिच्यापासून लपवली. त्याच्या गंभीर रचना पाहून बाईंना त्यांत इतर संगीतकार दिसले, पण पियात्सोला कोठे दिसेना. खोदून विचारल्यावर त्याने आपला खरा व्यवसाय सांगितला आणि स्वतःचा एक टँगो पियानोवर वाजवून दाखवला. खरा पियात्सोला हाच आहे, ह्याला कधी सोडू नकोस, असे बाईंनी त्याला सांगितले. मायदेशी परतून १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्याने ज्या रचना केल्या, त्या आज जगातील मोठमोठ्या संगीतगृहांत वाजतात. ज्या वाद्याची त्याला लाज वाटत होती, त्याच्याच श्वासाने त्याचे नाव झाले.

दक्षिण आफ्रिकेत वेगळा मार्ग निघाला. तेथील झुलू कामगारांनी दुकानांतून कॉन्सर्टिना विकत घेतले. पण युरोपची स्वररचना त्यांच्या गाण्याला बसेना. त्यांनी ते उघडून आतल्या जिभांची मांडणीच बदलून टाकली. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात शेतकऱ्यांच्या घरातील स्त्रियांनी कॉन्सर्टिना आपलासा केला आणि फिडलच्या जुन्या चाली त्यावर उतरवल्या. स्वर ठरलेले असले, तरी कोणते स्वर घ्यायचे, कोठे श्वास तोडायचा आणि कोणता ठेका धरायचा, हे प्रत्येक समाजाने आपापल्या गळ्याला विचारून ठरवले.

भारतात आले ते ह्या कुळातील दुसरे पाते. पॅरिसच्या देबँ ह्याने १८४२ साली हार्मोनियम ह्या नावाचे पेटंट घेतले. ती पायाने भाता चालवायची, खुर्चीवर बसून वाजवायची मोठी पेटी होती. मिशनरी आणि गोरे अधिकारी ह्यांच्याबरोबर ती येथे आली. परंतु भारतीय संगीताची बैठक जमिनीवरची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी, ज्यांची ‘द्वारकिन’ ही पेढी १८७५ साली सुरू झाली, पायाचा भाता काढून तो पेटीच्या पाठीला लावला आणि हाताने चालवण्याजोगी पेटी बनवली. पाश्चात्त्य वादकाला दोन्ही हात पट्ट्यांवर हवे असतात, कारण त्याला एका वेळी अनेक स्वर वाजवायचे असतात. भारतीय संगीत एका सुरावलीचे असल्यामुळे एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर, ही तडजोड येथे सहज चालली. पेटीत आणखी एक भेद आहे. अकॉर्डियनमध्ये हाताचा प्रत्येक हिसका थेट स्वरात उतरतो. पेटीच्या पोटात मात्र वारा साठवणारा दुसरा भाता असतो, त्यामुळे तिचा स्वर संथ आणि अखंड राहतो. गाणाऱ्याला टेकण्यासाठी असाच स्वर हवा असतो.

महाराष्ट्रात संगीत नाटक, कीर्तन, भजन आणि तमाशा ह्या चारही ठिकाणी पेटी रुजली. ‘मानापमान’ ह्या १९११ सालच्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे ह्यांनी पेटीवरच्या स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरी शास्त्रकारांचा आक्षेप खरा होता आणि त्याचे कारण आकड्यांत सांगता येते. एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटीचे बारा स्वर प्रत्येकी शंभर भागांच्या सारख्या अंतरावर बसवलेले असतात. ह्या हिशेबाने शुद्ध गांधार ४०० वर येतो. तंबोरा उत्तम जुळला, की खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो सुमारे ३८६ वर असतो. गायकाचा कान तंबोऱ्याच्या गांधाराकडे ओढतो आणि साथीची पेटी त्याला चौदा भाग वर खेचते. आज अनेक वादक गायकाच्या षड्जाला धरून पेटीचे स्वर मुद्दाम लावून घेतात. परंतु मग दुसऱ्या पट्टीत तीच पेटी खटकते.

हा दोष काढण्याचा निष्ठेने प्रयत्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी केला. भारतीय सप्तकातील बावीस श्रुतींवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गायनाचे त्यांना ह्या संशोधनात साहाय्य झाले. जिल्हा न्यायाधीश असलेल्या क्लेमेंट्स ह्यांच्या सहकार्याने श्रुतींची हार्मोनियम इंग्लंडमध्ये बनवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती सादर झाली, तेव्हा तिच्यावर मोठा वाद झाला आणि ती प्रचारात आली नाही. जिभा कितीही वाढवल्या, तरी दोन जिभांच्या मधले अंतर उरतेच आणि रागाचा प्राण पुष्कळदा त्या अंतरातच असतो.

ह्या वादाचा निवाडा करण्याची वेळ पुढे नभोवाणीवर आली. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागात असलेले जॉन फौल्ड्स ह्यांनी १९३८ साली हार्मोनियमविरुद्ध कडक लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनाही हे वाद्य नको होते आणि तसे त्यांनी जानेवारी १९४० मध्ये कलकत्ता केंद्राला कळवले. त्या वर्षीच्या मार्चपासून नभोवाणीच्या सर्व केंद्रांवर हार्मोनियमला बंदी झाली. गायकांना सारंगी किंवा व्हायोलिनची साथ घेणे भाग पडले आणि पेटीवर आयुष्य घालवलेल्या वादकांना स्टुडिओचा दरवाजा बंद झाला. बंदीमागचा हेतू भारतीय स्वराचे रक्षण हा होता, हे मान्य करावयास हवे. परंतु स्टुडिओबाहेर मैफलींत, मंदिरांत आणि नाट्यगृहांत पेटी वाजतच राहिली.

ह्या काळात एक गमतीची गोष्टही घडली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पेटीची थोरली बहीण, अकॉर्डियन, रुळली होती. गुडी सीरवाई आणि केर्सी लॉर्ड ह्यांसारख्या पारशी वादकांनी आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स ह्यांनी तिला हिंदी गाण्यांच्या लकबी शिकवल्या. १९६४ सालच्या ‘संगम’ चित्रपटात राज कपूर ते गळ्यात अडकवून पडद्यावर आला. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यावर नभोवाणीवरूनच घरोघरी ऐकू जाणाऱ्या चित्रपटगीतांत मुक्त जिभेचा आवाज होता. शास्त्रीय गायनाच्या साथीला मात्र तो वर्ज्य होता. अखेर १९७० साली आकाशवाणीने ह्या प्रश्नावर परिसंवाद भरवला. विरोधी आणि अनुकूल अशा दोन्ही बाजू सविस्तर मांडल्या गेल्या आणि १९७१ साली साथीपुरती, ठरावीक श्रेणीच्या कलावंतांसाठी बंदी सैल करण्यात आली.

तीस वर्षांच्या ह्या बंदीतून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. मींड न निघणाऱ्या वाद्यावर मींडेचा भास निर्माण करण्याची विद्या वादकांनी स्वतःच साधली होती. एका पट्टीवरचे बोट पुरते न उचलता दुसरी पट्टी हळुवार दाबणे, भात्याचा जोर नेमक्या क्षणी कमी करणे, कणस्वराला केवळ स्पर्श करून सोडणे, ह्या युक्तींनी अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर ह्यांच्या पिढीने पेटीला गायकाच्या मागोमाग चालावयास शिकवले. स्वर त्यांनाही वाकवता आला नाही. जो आंदोलित गांधार दरबारीत लागतो, तो पेटीवर नाही, हे उत्तम पेटीवादक जाणतो आणि त्या जागी तो हात आवरता घेतो. गायकाचा स्वर तेथे एकटा राहतो आणि तो थांबला, की पेटी पुन्हा हलकेच षड्ज धरते.